कॅमेऱ्यातील चमत्कार आणि संगणकावरील जोडकाम : फाळके ते रोह्यातील एक विद्यार्थी-चित्रफीत

चित्रित दृश्य आणि अॅनिमेशन यांच्या संयोगाची चर्चा आपल्याकडे बहुधा सॉफ्टवेअरच्या नावांपासून सुरू होते व तेथेच संपते. आफ्टर इफेक्ट्स बरे की ब्लेंडर, हा कारागिरीचा प्रश्न आहे. कॅमेऱ्याने टिपलेले आणि कलावंताने रचलेले यांचा सांधा दृश्यात कोठे बसतो व तो कोणाच्या नजरेतून बसतो, हा समीक्षेचा प्रश्न होय. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार दादासाहेब फाळके यांचे मूकपट, 'संत तुकाराम' हा चित्रपट आणि आमच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या दोन चित्रफिती यांच्या आधारे केला आहे. विद्यार्थ्यांचे काम या पंक्तीत बसविणे काहींना धाडसाचे वाटेल. परंतु साधन सर्वांच्या हाती आल्यावर समीक्षेने केवळ अभिजात कृतींपाशी थांबणे योग्य नव्हे.

फाळके यांनी लिथोग्राफी, छायाचित्रण व जादूचे प्रयोग या तिन्ही विद्या हाताळल्या होत्या. 1912 मध्ये त्यांनी रोपट्याची वाढ ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपून पडद्यावर दाखविली. 1915च्या सुमारास आगकाड्या हलवून त्यांनी 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट केला. तो आज उपलब्ध नाही. त्यांचा कॅमेरा हाताने फिरवावयाचा होता. चौकटीचा काही भाग झाकून चित्रण करावयाचे, फिल्म मागे फिरवावयाची आणि झाकलेल्या भागावर दुसरे चित्रण करावयाचे, अशी ही रीत. दुसऱ्या फेरीत चूक झाली की पहिल्या फेरीचे श्रमही वाया जात. आज 'अनडू'ची कळ दाबणाऱ्या विद्यार्थ्याला ही धास्ती समजावून सांगणे अवघड जाते.

'श्रीकृष्ण जन्म' (1918) मध्ये कंसाचे मस्तक धडावेगळे होऊन वर जाते व पुन्हा धडावर बसते. तांत्रिक करामत म्हणून याचा उल्लेख नेहमी होतो. माझ्या मते त्याचे खरे बळ असे की, हा भास कंसाचा आहे. भयाने ग्रासलेल्या मनाला जे दिसते तेच आपण पाहतो. म्हणून सांधा उघड दिसला तरी तो खटकत नाही. 'कालिया मर्दन' (1919) मध्येही काठावरच्या गोकुळवासीयांची घालमेल वारंवार दाखविली जाते आणि पाण्यातील अद्भुताला साक्षीदार मिळतात. दामले-फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम' (1936) मध्ये प्रभातने हे सूत्र अधिक सूक्ष्मतेने वापरले. वैकुंठाला निघालेले विमान आजच्या प्रेक्षकाला कदाचित भाबडे वाटेल. परंतु जमिनीवर उरलेली आवली वर पाहते, तेव्हा विमानाच्या खरेपणाची चौकशी करण्याचे आपल्याला सुचत नाही. आपण तिच्या मागे राहण्याकडे पाहत असतो.

आता रोह्याकडे वळू. ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीला पोलिसांकडून सशस्त्र मानवंदना दिली जाते. विद्यार्थ्यांनी हा सोहळा चित्रित केला आणि संगणकावर पालखीभोवती सोनेरी तेजोवलय व उडणारी फुले जोडली. चित्रफीत गावात आवडली. मला मात्र ती पाहताना अस्वस्थता आली. खांद्यावरची पालखी हेलकावे घेते, पण वलय तिच्यासोबत हलत नाही. एवढे मोठे तेज असूनही भोयांच्या चेहऱ्यावर त्याचा उजेड पडत नाही. हे दोष सरावाने जातील. न जाणारा दोष वेगळा आहे. वलयाच्या झगमगाटात मानवंदना देणाऱ्या पोलिसांची रांगच झाकली गेली. गणवेशातील शासन ग्रामदेवतेपुढे शस्त्र धरून उभे राहते, हा या सोहळ्यातील असाधारण क्षण. तो पुसून तेथे कोणत्याही गावच्या कोणत्याही देवाला चालेल असे तयार तेज आले. फाळके व दामले-फत्तेलालही भाविकांसाठीच चमत्कार रचीत होते, असा आक्षेप विद्यार्थ्यांनी घेतला आणि तो बिनतोड आहे. परंतु कंसाचा भास कथेसाठी रचलेल्या दृश्यावर बसविला होता. येथे खाली घडलेली गोष्ट होती, आणि मूळ चित्रण जपून ठेवण्याची तसदीही कोणी घेतली नव्हती.

त्याच गटाने पुढे पेणच्या एका गणेशमूर्ती कारखान्यात काम केले. साच्यातून निघालेल्या मूर्तीला डोळ्यांची आखणी करणारा कारागीर त्यांनी जवळून टिपला आणि त्याच्या कुंचल्याचा मार्ग दाखविणारी एक बारीक पांढरी रेषा अॅनिमेशनने त्यावर चढविली. येथे अॅनिमेशन प्रथमच पाहण्याला मदत करते; भुवईचे वळण कोठे सुरू होते हे नुसत्या डोळ्यांना कळले नसते. दुसऱ्या डोळ्यापाशी कारागीर क्षणभर थबकतो, मूर्तीपासून मान मागे घेतो, पहिल्या डोळ्याकडे पाहतो. संगणकाची रेषा पहिल्या खर्ड्यात तेथे न थांबता पुढे गेली होती. अंतिम प्रतीत विद्यार्थ्यांनी ती एवढ्या भागापुरती काढून टाकली आहे. तेथे फक्त हात, कुंचला आणि अर्धी आखलेली मूर्ती दिसते.