शोधनिबंध वाचतं कोण? मान्यताप्राप्त यादीची आठ वर्षं

आजच्या व्याख्यानाला ‘संशोधन प्रकाशनातली नीती’ असं भारदस्त नाव दिलेलं आहे. अशा विषयाची अडचण अशी, की त्यावर सगळ्यांचं लगेच एकमत होतं. वाङ्मयचौर्य वाईट, पैसे मोजून पेपर छापणं वाईट, खोटी आकडेवारी वाईट. वाद कोण घालणार? म्हणून आम्ही आज एकच शोधनिबंध समोर ठेवणार आहोत. तो आम्हाला महत्त्वाचा वाटतो, आणि त्याच्याशी आमचं एक भांडणही आहे.

हा निबंध मार्च २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादी’ची त्यात चिकित्सा केली होती. यादीची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. २०१० च्या नियमांनी एपीआय नावाची गुणपद्धत आणली. प्राध्यापकाची नेमणूक, बढती, सगळं गुणांवर. गुण पेपरवर. मग पेपर छापून देणारी दुकानं निघाली, ती निघणारच होती. ती रोखायला आयोगाने २०१७ च्या जानेवारीत तीस हजारांहून अधिक नियतकालिकांची यादी जाहीर केली. यादीत असेल तर गुण, नसेल तर नाही.

या यादीत दोन तऱ्हेची नावं होती. एक, स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्ससारख्या सूचींमधून आलेली. दुसरी, विद्यापीठांनी शिफारस करून पाठवलेली. निबंधाच्या लेखकांनी ही दुसरी तऱ्हा धरली. तिच्यातल्या ५६९९ नावांपैकी १३३६ यादृच्छिक पद्धतीने निवडली, त्यातली सूचीबद्ध असलेली बाजूला काढली आणि उरलेली १००९ तपासली. काय तपासलं? नियतकालिकाला पत्ता आहे का, संकेतस्थळ आहे का, संपादकांची नावं दिलीत का. सुमारे एक तृतीयांश इथेच गळाली. निम्म्याहून अधिक पुढच्या पायरीवर गळाली: आयएसएसएन चुकीचा, इम्पॅक्ट फॅक्टरचा दावा खोटा, संपादकांची पात्रता संशयास्पद. शेवटचा आकडा तुमच्यापैकी काहींनी ऐकला असेल. शिफारशीने आलेल्या आणि सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात, असा निष्कर्ष निघाला.

आयएसएसएनबद्दल एक गोष्ट जाता जाता सांगतो, कारण अजूनही जाहिरातीत तो दागिन्यासारखा मिरवला जातो. आयएसएसएन हा नुसता ओळखक्रमांक आहे. गाडीला नंबरप्लेट असते तसा. नंबरप्लेट आहे म्हणून ब्रेक चांगले आहेत असं कोणी म्हणत नाही.

निबंधाची ताकद त्याच्या साधेपणात आहे. लेखकांनी तक्रार केली नाही, मोजलं. चिडून लिहिण्याचा मोह होईल असा विषय असूनही सूर कुठे चढलेला नाही. आणि परिणाम झाला. मे २०१८ मध्ये आयोगाने ४३०५ नियतकालिकं यादीतून काढली, २०१९ मध्ये जुनी यादीच बाजूला ठेवून ‘केअर’ नावाची नवी यादी आणली आणि तिच्या तपासणीचं काम पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठात सुरू झालं. एका निबंधाने एवढं हलवलेलं आपल्याकडे फारसं दिसत नाही.

आता भांडण. निबंधात एक वाक्यांश येतो आणि पुढे निघून जातो: ही नावं ‘वेगवेगळ्या विद्यापीठांनी सुचवल्यावरून’ यादीत आली. जरा थांबून बघा. पत्ता नसलेलं, संपादक नसलेलं नियतकालिक यादीत आपोआप चालत आलं नाही. कुठल्या तरी विद्यापीठात एक समिती बसली, समितीत प्राध्यापक होते, त्यांनी नावं लिहून सह्या केल्या. नियतकालिकं निकृष्ट निघाली हे मोजलं गेलं. शिफारस करताना त्यांचा एक तरी अंक कोणी उघडला होता का, हे कोणी विचारलं नाही. निबंधाने शेवटी कडक नियम आणि जागृतीचे कार्यक्रम मागितले. शिफारस करणाऱ्यांचा हिशेब मागितला नाही. आमच्या मते त्या सगळ्या प्रकरणातला नीतीचा प्रश्न तिथे होता आणि तो तिथेच राहिला.

शिवाय निबंधाची पद्धत बाहेरून बघण्याची आहे. १००९ नियतकालिकं तपासायची तर दुसरं काय करणार? पत्ता, क्रमांक, नावं हेच बघता येतं. आतला एकेक पेपर वाचणं शक्य नव्हतं, तो दोष आम्ही लेखकांना देत नाही. पण पुढे सगळ्या व्यवस्थेने हाच धडा घेतला, की दर्जा म्हणजे दारावरची पाटी. केअर यादीची छाननी अधिक कसोशीने झाली हे खरं. पण महाविद्यालयात बढतीची फाइल उघडणाऱ्याला त्याचं काय? त्याच्यापुढे प्रश्न एकच, ‘केअर लिस्टेड आहे का?’ मग बाजारानेही तेच विकायला घेतलं. यादीतल्या प्रामाणिक, जुन्या नियतकालिकांची हुबेहूब संकेतस्थळं तयार झाली. नाव तेच, क्रमांक तोच, पैसे भलत्याच खात्यात. केअरलाच अशा बनावट प्रतींपासून सावध राहण्याच्या सूचना द्याव्या लागल्या. जो प्राध्यापक पेपर पाठवण्याआधी त्या नियतकालिकाचा मागचा अंक वाचत होता, तो फसण्याची शक्यता कमी. जो नुसतं नाव यादीत जुळवत होता, तो फसला. काहींना तर फसायचंच होतं, ते सोडा.

नियम स्वतःच लोकांना कुठे ढकलतात तेही बघू. २०१८ च्या नियमांनुसार एका पेपरला विज्ञान शाखांत ८ आणि भाषा, मानव्यविद्या वगैरेंत १० गुण. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. समजा मराठीच्या दोन प्राध्यापकांनी एकेक पेपर स्वतंत्रपणे लिहिला. प्रत्येकी १० गुण झाले. आता त्याच दोघांनी आपापल्या पेपरवर दुसऱ्याचं नाव घातलं, तर प्रत्येकी ७ आणि ७, म्हणजे १४. काम तेवढंच, अक्षरही वाढलं नाही, चार गुण वर. पाहुण्या लेखकाला आपण अनीती म्हणतो, बरोबरच आहे. पण गुणांचा तक्ताच त्याला मानाने पाटावर बसवतो आणि याविरुद्ध चर्चासत्र घेतल्याचं प्रमाणपत्रही फाइलला लागतं.

मग तज्ज्ञ परीक्षण म्हणजे नेमकं काय असायला हवं? एक जुनं उदाहरण देतो. १९३६ साली आइनस्टाइन आणि नेथन रोझन यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे निबंध पाठवला. गुरुत्वलहरी अस्तित्वातच नाहीत असं त्यात मांडलं होतं. संपादक जॉन टेट यांनी तो परीक्षकाकडे दिला आणि परीक्षकाने दहा पानी टिपण लिहून चूक दाखवली. आइनस्टाइन चिडले. छापण्याआधी निबंध दुसऱ्याला दाखवायला आपण सांगितलं नव्हतं, असं कळवून त्यांनी तो परत घेतला. पण तेच परीक्षक, हॉवर्ड रॉबर्टसन, पुढे प्रिन्स्टनला आले आणि त्यांच्या बोलण्यातून ती चूक आइनस्टाइनपर्यंत पोहोचली. १९३७ मध्ये निबंध दुसऱ्या नियतकालिकात छापला गेला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. इथे यादी नाही, गुण नाहीत. एका माणसाने बसून दहा पानं लिहिण्याइतकं वाचलं, आणि ते कोणाचं आहे याचा मुलाहिजा ठेवला नाही.

आपल्याकडे इतिहास संशोधनात हे वाचन उघड्यावर चालायचं. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं. मंडळाच्या सभांत निबंध वाचले जात, त्यावर बोललं जाई, मग छापले जात. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रकाशात आणली आणि शिवजन्म शके १५४९ चा की १५५१ चा या वादाला खरं तोंड फुटलं. तो वाद कितीतरी वर्षं छापील पानांवर चालला. ज्याने विरोध केला त्याने नावानिशी केला, आपलं साधन दाखवून केला. त्या काळाचं आम्हाला भाबडं प्रेम नाही. त्या सभेत बसणारं वर्तुळ किती लहान होतं, कोणत्या जातींचं होतं आणि त्यात बायका किती होत्या, हे आपल्याला ठाऊक आहे. गुप्त परीक्षणाची बाजू तिथेच बळकट होते: नवख्याचं नाव झाकलेलं असलं तर त्याला निदान वाचलं तरी जाईल. पण मराठीत एखाद्या महानुभाव पोथीच्या पाठभेदांवर लिहिणारे आहेत किती? नाव झाकलं तरी परीक्षक पहिल्या पानावर लेखक ओळखतो. अशा लहान क्षेत्रात ‘दुहेरी अंध परीक्षण’ छापणं हा पुष्कळदा निव्वळ उपचार असतो. परीक्षकाने सही करून मत द्यावं, हे तिथे जास्त प्रामाणिक.

यात नुकसान कोणाचं होतं ते स्पष्ट बोलू या. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारी एक बाई आहे समजा. जिल्ह्याच्या दप्तरखान्यात जाऊन, मोडी वाचून तिने सहा वर्षांत तीन निबंध लिहिले. मुलाखतीला तिच्या शेजारी पंधरा पेपरवाला बसलेला आहे. समितीकडे प्रत्येक उमेदवारासाठी पंधरा मिनिटं आणि हातात तक्ता. तीन आणि पंधरा. या क्षणाला कोणतीही यादी, कितीही चोख असली तरी, तिला वाचवू शकत नाही. तिला फक्त तो माणूस वाचवू शकतो ज्याने तिचा निबंध आदल्या रात्री वाचलेला आहे.

२०२२ च्या पीएच.डी. नियमांनी प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापण्याची सक्ती काढली, ते योग्यच झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने केअर यादीही बंद केली. निकष सुचवले आणि नियतकालिक निवडण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली. तत्त्व म्हणून आम्हाला हे मान्य आहे, निर्णय दिल्लीतल्या यादीने घेऊ नये. पण ज्यांच्या शिफारशींनी २०१७ ची यादी भरली होती त्यांच्याच हाती हे पुन्हा आलं आहे, आणि मधल्या काळात त्यांना कोणी काही विचारलेलं नाही. काही ठिकाणी काय होतंय? जुनी केअर यादीच छापून फाइलला लावतात. बंद पडलेलं घड्याळ भिंतीवरून कोणी काढत नाही तसं.

आमच्या दोन मागण्या आहेत, आणि दोन्हीला पैसे लागत नाहीत. पहिली, उमेदवाराने आपले फक्त दोन निबंध द्यावेत, आणि समितीच्या एका सदस्याने प्रत्येकावर अर्धं पान लिहून सही करावी. त्यात निबंधाचा दावा काय, पुरावा काय, आणि तो पटला का, एवढंच. वेळ नाही असं उत्तर येईल. पंधरा पेपरांच्या झेरॉक्स, साक्षांकित प्रती आणि गुणांची बेरीज तपासायला वेळ मिळतोच ना?

दुसरी मागणी परीक्षणाच्या अहवालाची. ‘नेचर’ने जून २०२५ पासून नव्याने येणाऱ्या प्रत्येक शोधनिबंधासोबत परीक्षकांचे अहवाल आणि लेखकांची उत्तरं छापायला सुरुवात केली. परीक्षकाने नाव दिलं नाही तरी चालतं, मजकूर दिसतो. आपल्या नियतकालिकांना सगळं छापणं जमणार नाही. पण बढतीच्या फाइलला पेपरसोबत त्याचा परीक्षण अहवाल जोडा, असं विद्यापीठ उद्यापासून म्हणू शकतं. परीक्षकाचं नाव खोडून. अठ्ठेचाळीस तासांत पेपर छापणाऱ्या नियतकालिकाला मग अहवालही बनावट लिहावा लागेल. तो तसा लिहिला जाईलही. पण बनावट इम्पॅक्ट फॅक्टर एका आकड्यात उरकतो. एखाद्या निबंधाच्या चौथ्या पानावरचा पुरावा का लंगडा आहे हे खोटं लिहायचं, तरी आधी चौथं पान उघडावं लागतं.

प्रश्न घेऊ या.