दिसणे, चाहूल लागणे आणि बुजणे : रात्रीचे हरीण व अवरक्त कॅमेरा यांविषयीच्या लेखनाची चिकित्सा

रानवाटेवर बसविलेल्या अवरक्त कॅमेऱ्याचा रात्री हरणास पत्ता लागतो काय, हा प्रश्न प्राणिशास्त्राचा आहे आणि त्याचा अखेरचा निर्णयही त्याच शास्त्राने द्यावयाचा आहे. तथापि या विषयावर झालेले लेखन काळजीपूर्वक वाचू लागले, की एक गोष्ट ध्यानात येते. त्यातील गोंधळाचा बराचसा भाग पुराव्याच्या उणिवेतून आलेला नसून क्रियापदांच्या सरमिसळीतून आलेला आहे. ‘दिसते’, ‘कळते’ आणि ‘घाबरते’ ही तीन विधाने एकमेकांच्या जागी योजली जातात व एकाचा पुरावा दुसऱ्याच्या खाती मांडला जातो. मराठीत या तीन अवस्थांना दिसणे, चाहूल लागणे आणि बुजणे असे तीन निराळे शब्दप्रयोग आहेत. ते निराळे ठेवून या विषयावरील काही महत्त्वाचे निबंध तपासणे उपयुक्त ठरेल.

प्रथम या प्रयोगांचे स्वरूप पाहू. ‘हरणाला दिवा दिसतो’ या वाक्यात क्रियापद दिव्याशी जुळते. हरीण चतुर्थीत असून ते क्रियेचा कर्ता नाही, तर अनुभवाचे स्थान आहे. उलट ‘हरीण दिव्याकडे पाहते’ या वाक्यात हरीण कर्ता आहे. पाहणे ही बाहेरून दिसणारी हालचाल होय. दिसणे ही बाहेरून न दिसणारी घटना होय. ‘चाहूल लागणे’ या प्रयोगाचा मूळ संबंध पावलांच्या हलक्या आवाजाशी असला, तरी रूढ अर्थाने तो कोणत्या ज्ञानेंद्रियाने वार्ता आणली याविषयी काहीच सांगत नाही. ‘बुजणे’ हा तर गुरे राखणाऱ्यांच्या नित्याच्या बोलीतील शब्द. त्यात वर्तनाचा बदल अभिप्रेत आहे: जनावर थबकते, वाट सोडते, पुन्हा तेथे येणे टाळते. छायाचित्रात पाहणे टिपता येते, बुजणेही काही अंशी टिपता येते. दिसणे मात्र कधीच टिपता येत नाही, त्याचे केवळ अनुमान करावे लागते.

दिसणे आणि बुजणे यांचा नित्यसंबंध नाही, हे रात्रीच्या हरिण-छायाचित्रणाच्या आरंभीच्या इतिहासातूनच स्पष्ट होते. अमेरिकेतील जॉर्ज शिरास (तिसरे) यांचा कॅमेरा व प्रकाशझोत यांच्या साहाय्याने वन्यजीवांचा वेध घेण्यासंबंधीचा लेख जुलै १९०६ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्ये ७४ छायाचित्रांसह प्रसिद्ध झाला. मिशिगनमधील व्हाइटफिश सरोवराच्या काठी पांढऱ्या शेपटीच्या हरणांची छायाचित्रे घेताना शिरास यांनी रात्रीच्या शिकारीची एक जुनी युक्ती उपयोगात आणली होती. नावेच्या नाळेवर दिवा ठेवून ती हळूहळू काठाकडे न्यावयाची, दिव्याकडे टक लावून उभ्या राहिलेल्या हरणाजवळ पोचावयाचे आणि मग मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडवावयाचा. नावेवरचा दिवा हरणास निःसंशय दिसत होता; किंबहुना सारी युक्तीच त्या दिसण्यावर उभी होती. तरीही ते बुजत नव्हते. या एका उदाहरणाने ‘दिसले म्हणजे बुजले’ हे समीकरण मोडते. पुढील काळातील लेखनाने मात्र या धड्याकडे पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही.

दुसरी सरमिसळ ‘अवरक्त’ या विशेषणाच्या वापरात होते. या कॅमेऱ्यात दोन प्रकारचे अवरक्त प्रारण संबंध पावते. एक हरणाच्या शरीरातूनच बाहेर पडते. ते उष्णतेचे असून त्याची तरंगलांबी साधारणतः १०,००० नॅनोमीटरच्या आसपास असते. कॅमेऱ्याचा संवेदक त्याच्या बदलावरून प्राणी आल्याचे ओळखतो. तो स्वतः काहीही सोडीत नाही. दुसरे प्रारण कॅमेऱ्याच्या दिव्यांतून निघते, बहुधा ८५० किंवा ९४० नॅनोमीटरचे, आणि त्याच्या उजेडात चित्र उमटते. पहिल्या प्रकारात हरीण हा उगम आहे, दुसऱ्यात ते लक्ष्य आहे. हरणास काही दिसण्याचा प्रश्न केवळ दुसऱ्या प्रकाराविषयी संभवतो.

हा भेद न केल्यास जुना पुरावा चुकीच्या अर्थाने वाचला जातो. पांढऱ्या शेपटीच्या हरणांची गणना करण्याची पद्धत मांडणारा जेकबसन व त्यांचे सहकारी यांचा निबंध १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात ‘अवरक्त’ हा शब्द आहे. परंतु तो कॅमेरा चालू करणाऱ्या यंत्रणेविषयी आहे, उजेडाविषयी नाही. त्या काळच्या अशा कॅमेऱ्यांत सामान्यतः फिल्म असे आणि रात्री पांढराच झोत पडे. त्या निबंधावरून ‘अवरक्त उजेड असता हरणे येतात’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे विशेषण एका नामावरून उचलून दुसऱ्यावर ठेवणे होय.

आता डोळ्याविषयी. जेरल्ड जेकब्ज व त्यांचे सहकारी यांनी १९९४ साली पांढऱ्या शेपटीच्या व फॅलो या दोन जातींच्या हरणांच्या दृष्टिपटलाची विद्युत्-मापने प्रसिद्ध केली. त्यांत दंडपेशींची कमाल संवेदनक्षमता ४९७ नॅनोमीटरला आढळली. शंकुपेशींचे दोनच प्रकार आढळले: एकाची कमाल ४५० ते ४६० नॅनोमीटरच्या दरम्यान आणि दुसऱ्याची पांढऱ्या शेपटीच्या हरणात ५३७, तर फॅलो हरणात ५४२ नॅनोमीटरला. मानवी डोळ्यात याखेरीज आणखी तांबड्याकडे झुकलेली, सुमारे ५६० नॅनोमीटरला कमाल असलेली शंकुपेशी असते. म्हणजे वर्णपटाच्या तांबड्या टोकाकडे हरणाचा डोळा माणसाच्या मागे आहे, पुढे नाही. रात्री हरणाला माणसापेक्षा चांगले दिसते, मोठी बाहुली व दृष्टिपटलामागील परावर्तक थर यांमुळे मंद उजेडाचा त्याला अधिक लाभ होतो, हे खरे. परंतु त्यावरून ‘म्हणून त्याला अवरक्तही दिसते’ असे म्हणता येत नाही. अधिक उजेड गोळा करणे आणि अधिक लांब तरंग ओळखणे या भिन्न शक्ती आहेत.

याचा अर्थ ‘अदृश्य’ हा शब्द निर्धास्तपणे वापरावा असाही नव्हे. ८५० नॅनोमीटरचे दिवे समोरून पाहिल्यास माणसालाही मंद तांबूस ठिपक्यांसारखे दिसतात. डोळ्याची संवेदनक्षमता एखाद्या भिंतीपाशी थांबावी तशी थांबत नाही. ती उतारावरून घसरत जाते. ‘अदृश्य’ या शब्दात द्रष्ट्याला जागाच नाही, त्यामुळे ‘कोणाला अदृश्य?’ हा प्रश्न शब्दातच गिळला जातो. न्यूबोल्ड आणि किंग यांनी २००९ साली फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या मांसाहारी प्राण्याविषयी लिहिलेल्या निबंधाच्या शीर्षकात ‘अदृश्य’ हा शब्द अवतरणचिन्हांत ठेवला, तो उचितच होता; काही फेरेट ८७० नॅनोमीटरच्या प्रकाशाला प्रतिसाद देतात असे त्यांना आढळले. मात्र फेरेटचा निष्कर्ष हरणावर लादता येत नाही. हरणापुरते इतकेच म्हणता येईल, की ९४० नॅनोमीटरचा उजेड त्याला दिसण्याची शक्यता त्याच्या दृष्टिपटलाचे स्वरूप पाहता फारच अल्प आहे. ८५० बाबत, जवळच्या अंतरावर, ती अजिबात नाही असे म्हणणे धाडसाचे होईल.

या क्षेत्रात विशेष परिचित झालेला निबंध म्हणजे पॉल मीक व त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला, कॅमेरा-सापळे प्राण्यांना ऐकू येऊ शकतात व दिसू शकतात, अशा आशयाच्या शीर्षकाचा निबंध. त्याचे मोल मोठे आहे. १२ प्रकारच्या कॅमेऱ्यांचा आवाज प्रतिध्वनिरहित खोलीत मोजण्यात आला. त्यांपैकी ५ प्रकारांच्या श्राव्यातीत ध्वनीचे आणि ७ प्रकारांच्या अवरक्त उजेडाचे मापन झाले. मग ही मापने सस्तन प्राण्यांच्या ज्ञात क्षमतांशी ताडून पाहिली गेली. परंतु येथे दोन गोष्टी नजरेआड होऊ नयेत. श्रवणाची तुलना २१ जातींशी झाली, दृष्टीची केवळ ३ जातींशी. असे असता निष्कर्षात ऐकू येणे आणि दिसणे ही दोन विधाने एकाच जोर्‍याने, एकाच वाक्यात येतात. दुसरे असे, की शीर्षकातील ‘शकतात’ हे सहायक क्रियापद सारा भार वाहते. ते क्षमतेचे विधान आहे, घटनेचे नव्हे. जो वाचक ‘शकतात’ गाळून ‘ऐकू येतात व दिसतात’ असे उद्धृत करील, तो त्या संशोधकांनी न केलेले विधान त्यांच्या नावावर घालील.

ऐकू येण्याची बाजू मात्र भक्कम आहे आणि हरणाच्या बाबतीत तर विशेषच. हेफ्नर द्वयाने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या श्रवणपरीक्षेनुसार पांढऱ्या शेपटीच्या हरणाला ६० डेसिबल पातळीस ११५ हर्ट्झपासून ५४ किलोहर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात; माणसाची वरची मर्यादा सुमारे २० किलोहर्ट्झ आहे. मराठीत २० किलोहर्ट्झपलीकडील ध्वनीला ‘श्राव्यातीत’ म्हणतात. हा शब्द ‘अदृश्य’चाच भाऊ आहे: त्यातील कान माणसाचा आहे. हरणाच्या दृष्टीने त्यातील मोठा भाग श्राव्यच ठरतो. याउलट ‘अवरक्त’ हा शब्द अधिक सावध आहे. तो तांबड्याखालचे स्थान सांगतो. कोणाला दिसते, कोणाला नाही, याविषयी मौन पाळतो. रात्री चित्र घेण्यासाठी भिंगामागील गाळणी सरकते तेव्हा होणारा टकटक आवाज, नव्या वस्तूचा आकार, ती बसविणाऱ्या माणसाच्या हातांचा वास, यांपैकी कशानेही हरणास चाहूल लागू शकते. उजेड दिसलाच पाहिजे असे नाही.

या भेदाभेदाचे व्यावहारिक महत्त्व गणनेत आहे. जेकबसन यांच्या पद्धतीत आमिषाच्या जागी कॅमेरा ठेवून फाटे फुटलेल्या शिंगांवरून नर एकेक ओळखले जातात, आणि ओळखलेले नर व त्यांची एकूण चित्रे यांचे प्रमाण माद्यांच्या चित्रांना लावून माद्यांची संख्या काढली जाते. उदाहरणार्थ, १० नरांची १०० चित्रे मिळाली आणि माद्यांची १५० मिळाली, तर माद्या १५ धरावयाच्या. यात नर व मादी कॅमेऱ्यासमोर सारख्याच वेळा येतात हे गृहीत आहे. समजा माद्या अधिक बुजल्या आणि निम्म्याच वेळा आल्या, तर त्या ३० असूनही हिशेबात १५ च राहतील. आणि शिकारीची मर्यादा अशा आकड्यांवर ठरत असेल, तर चूक कागदावरच थांबणार नाही. ही चूक हरणास उजेड दिसला काय यावर मुळीच अवलंबून नाही. सर्व हरणांस चाहूल लागली, पण आमिषाच्या ओढीने कोणीच बुजले नाही, तर गणना निर्दोष राहील. उजेड कोणालाच दिसला नाही, पण माद्या आवाजाने बुजल्या, तर ती फसेल.

शिवाय बुजण्याचा पुरावा कॅमेऱ्याकडूनच मागण्यात एक मूलभूत अडचण आहे. जे हरीण पुढे आले त्याचेच चित्र मिळते. जे आधीच वाट सोडून गेले त्याची नोंद होत नाही. कॅमेऱ्याकडे रोखून पाहणाऱ्या हरणाचे चित्र त्याला चाहूल लागल्याची साक्ष देते, परंतु तेच हरीण न बुजता तेथे उभे असल्याचीही साक्ष देते. बुजलेल्यांची साक्ष अन्य मार्गानेच मिळवावी लागेल: पावलांचे ठसे, विष्ठेची मोजणी, अथवा त्याच जागेवर दूरवरून दुसऱ्या साधनाने ठेवलेली नजर.

तेव्हा या विषयावरील पुढील लेखनाकडून एक माफक अपेक्षा करावयास हरकत नाही. ‘हरणाला कॅमेरा कळतो काय’ असा एक प्रश्न न विचारता तीन विचारावेत: त्याला उजेड दिसतो काय, कशानेही का होईना, चाहूल लागते काय, आणि चाहूल लागल्यावर कोणते हरीण बुजते, कोणते बुजत नाही. पहिल्याचे उत्तर दृष्टिपटलाच्या मापनात आहे आणि ते बरेचसे मिळालेले आहे. दुसऱ्याचे उत्तर बहुतेक ठिकाणी ‘होय’ असेच धरून चालावे, कारण हरणाचा कान ते धरावयास लावतो. गणना करणाऱ्याचे खरे काम तिसऱ्या प्रश्नापासून सुरू होते.