बापाची भूमिका आणि मालकाची तिजोरी

एखादा नट मेला की दोन प्रश्न विचारले जातात. त्याने कोणत्या भूमिका केल्या, आणि मागे किती ठेवले? अलीकडे दुसरा प्रश्न आधी येतो. वर्गातील आमची मुलेही तोच विचारतात. यात त्यांचा दोष नाही. ज्या घरात मागे ठेवण्यासारखे कधी काही नव्हतेच, त्या घरातील मुलाला पैशाचे कुतूहल असणार. परंतु 'किती' या प्रश्नाआड 'कोणाचे' हा प्रश्न दडून बसतो, आणि आपल्या दृष्टीने खरा प्रश्न तोच आहे. २१ ऑगस्ट २०२४ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी निधन पावलेला अमेरिकेतील कृष्णवर्णीय चरित्र अभिनेता जॉन एमोस याच्या कारकिर्दीचा विचार त्यासाठी करावयाचा आहे.

अमेरिकेतील काळ्यांशी आपले नाते जुने आहे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डु बॉइस यांना पत्र लिहिले होते. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने आपले नाव तिकडूनच घेतले. त्यांची कविता आणि आत्मकथने आपण वाचली, त्यांवर चर्चासत्रे घेतली. परंतु तेथील कष्टकरी काळा माणूस संध्याकाळी कामावरून आल्यावर जे पाहत होता, त्या दूरचित्रवाणीकडे आपल्या समीक्षेने फारसे लक्ष दिले नाही. ग्रंथ हेच वाङ्मय, अशी प्रस्थापितांची समजूत आपणही नकळत स्वीकारली आहे काय?

एमोसचा जन्म १९३९ चा, न्यूअर्क शहरातला. वडील मोटार मेकॅनिक. मुलगा कॉलरॅडोत समाजशास्त्र शिकला, फुटबॉल खेळला, जाहिरातींचा मजकूर लिहू लागला आणि १९६९ मध्ये लेस्ली अगम्स या गायिकेच्या कार्यक्रमाचा लेखक झाला. म्हणजे लेखणी आधी हाती आली, अभिनय नंतर. १९७० पासून 'मेरी टायलर मूर शो'मध्ये त्याने हवामानतज्ज्ञ गॉर्डीचे काम केले. येणारे-जाणारे त्याला खेळांचा बातमीदार समजत, हा त्यातला विनोद. काळा माणूस धावू शकतो, पण ढगांचे शास्त्र जाणू शकत नाही, ही गोऱ्यांची समजूत त्या विनोदाने उघडी पाडली. परंतु त्याच सुमारास मॅकडोनाल्डच्या जाहिरातीत हाच पदवीधर बादली आणि पोचारा घेऊन गात-नाचत फरशी पुसतानाही दिसतो. झाडू आणि हसरा चेहरा या जोडीचा अर्थ या नियतकालिकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

१९७४ मध्ये 'गुड टाइम्स' ही मालिका आली. शिकागोतील सरकारी चाळवजा वसाहतीत राहणारे एक गरीब काळे कुटुंब हा तिचा विषय. तिचे महत्त्व समजण्यासाठी आधीचा इतिहास पाहिला पाहिजे. पन्नासच्या दशकात 'ब्यूला' मालिकेची नायिका गोऱ्यांच्या घरची मोलकरीण होती. १९६८ च्या 'जुलिया'त शिकलेली परिचारिका आली, पण तिचा नवरा व्हिएतनामच्या युद्धात आधीच मारलेला. दरम्यान १९६५ च्या मॉयनिहान अहवालाने काळ्या कुटुंबातील बापाच्या गैरहजेरीला त्यांच्या दुःस्थितीचे एक प्रमुख कारण ठरविले होते. ज्या व्यवस्थेने शतकानुशतके बाप विकले, तीच आता विचारत होती, यांच्या घरात बाप का नाही? म्हणून आईची भूमिका करणाऱ्या एस्थर रोल या अभिनेत्रीने आग्रह धरला की या घरात बाप असलाच पाहिजे. शेतीवर जगणाऱ्या घरात जन्मलेल्या या बाईला बाप म्हणजे काय हे अहवालातून शिकायचे नव्हते. अशा रीतीने जेम्स इव्हान्स हे पात्र पडद्यावर आले, आणि ते एमोसने केले.

जेम्सला नोकरी मिळते आणि सुटते. भाडे थकते. तो चिडतो, पण घर सोडून जात नाही. एमोसच्या अभिनयाचे सामर्थ्य त्याच्या खांद्यांत आहे. रिकाम्या हाताने दारातून आत येणारा बाप मुलांसमोर उभा राहण्याआधी क्षणभर खांदे सावरतो. बेकारीने खचलेला बाप ज्यांनी घरात पाहिला आहे, त्यांना हा क्षण अनुवादाशिवाय कळतो.

पण मालिका हळूहळू थोरल्या मुलाकडे, जे.जे.कडे, वळविण्यात आली. त्याचे चाळे, त्याची एक ठरलेली आरोळी, आणि तिला मिळणारा हशा. धाकटी बहीण डॉक्टर होऊ पाहते, लहान भाऊ अन्यायाविरुद्ध बोलतो. त्यांच्या वाट्याचा वेळ विदूषकी खाऊ लागली. रोल आणि एमोस यांनी आक्षेप घेतला. १९७५ मध्ये 'एबनी' मासिकातून तो जाहीर झाला. काळ्या घराचे संवाद लिहिणारे बहुसंख्य हात गोरे होते, आणि त्या घरात काय बोलले जाते हे आम्हांला ठाऊक आहे, असे एमोस त्यांना सांगत होता. १९७६ मध्ये तीन पर्वांनंतर त्याला काढून टाकण्यात आले. जेम्सला मिसिसिपीत मोटारींच्या गॅरेजात काम मिळाल्याचे दाखविले, घरच्यांनी सामान बांधले, आणि तिकडून अपघाती मृत्यूची तार आली. मिसिसिपी हे नाव शिकागोच्या काळ्या माणसाला साधे नाही. १९५५ मध्ये शिकागोहून तिकडे गेलेल्या चौदा वर्षांच्या एमेट टिलची हत्या झाली होती. कराराच्या भांडणात लेखकाच्या एका ओळीने मारलेला बाप नेमका त्याच भूमीत मरावा, हा योगायोग असेल. पण त्यामुळे मालिका पुन्हा जुन्या साच्यात गेली. घर आहे, बाप नाही.

पुढच्याच वर्षी, जानेवारी १९७७ मध्ये, अॅलेक्स हेली यांच्या ग्रंथावरील 'रूट्स' आली. प्रौढ कुंटा किंटे एमोसने केला. पळून जातो म्हणून पाय तोडला गेलेला गुलाम आपल्या मुलीला आफ्रिकेची भाषा शिकवतो, आणि एके दिवशी तीच मुलगी त्याच्या डोळ्यांदेखत विकली जाते. मोठेपणीची ती मुलगी लेस्ली अगम्सने केली. जिच्या कार्यक्रमासाठी त्याने लिहिले, तीच इथे त्याची विकली जाणारी लेक झाली. शेवटचा भाग सुमारे दहा कोटी लोकांनी पाहिला असे मानले जाते. एमोसला एमी पारितोषिकाचे नामांकन मिळाले. ज्याला उपद्रवी ठरविले, त्यानेच बापाचा इतिहास उभा केला.

आता संपत्तीकडे वळू. नट रोजंदारीचा माणूस असतो. १९६० च्या संपामुळे आणि १९७४ च्या करारामुळे अमेरिकेतील नटसंघटनेने पुनःप्रक्षेपणाचे मानधन मिळवले. हा संघटित लढ्याचा विजय आहे, कोणा निर्मात्याची कृपा नव्हे. पण मानधन म्हणजे मालकी नव्हे. 'गुड टाइम्स'सह अनेक मालिकांचे निर्माते नॉर्मन लिअर आणि त्यांचे भागीदार यांनी १९८५ मध्ये आपल्या कंपन्या कोका-कोलाला ४८.५ कोटी डॉलरला विकल्या. जेम्सचे सावरलेले खांदेही त्या सौद्यात गेले. उलट, ज्या वस्तीवर ही मालिका बेतली होती तिथेच वाढलेला तिचा एक जनक एरिक मॉन्टे याला आपल्या कल्पनांच्या हक्कासाठी १९७७ मध्ये कोर्टात जावे लागले. तडजोडीत पैसे मिळाले, पण पुढे या धंद्याची दारे बंद झाली, असे त्याचे म्हणणे. २००६ मध्ये वृत्तपत्रात त्याची हकीकत आली तेव्हा तो बेघरांच्या आश्रयगृहात राहत होता. एमोसच्या बँकेत किती होते, याच्या बेरजा करणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी मांडावेत.

लिअर यांना सरसकट खलनायक ठरविणेही सोपे होईल. गरिबी, वंशद्वेष हे विषय त्यांनीच घराघरांत नेले. १९९४ मध्ये '७०४ हाउझर'साठी त्यांनी एमोसला पुन्हा बोलावले, आणि तो गेला. त्याला शरणागती म्हणण्याचा अधिकार महिन्याच्या एक तारखेला पगार घेणाऱ्या आपल्यासारख्यांना नाही. जे.जे. करणाऱ्या नटाचाही दोष किती मानावा? त्यालाही पोट होते. विदूषक विकत घेणारा बाजार सोडून विदूषकाला झोडपणे ही चुकीची समीक्षा आहे. आणखी एक गोष्ट. जेम्सच्या स्वाभिमानात पुरुषी अहंकाराचा, कमरेच्या पट्ट्याच्या धाकाचा अंश आहे. बापाची प्रतिष्ठा म्हणजे घराची प्रतिष्ठा, हे समीकरण आपल्या स्त्रिया आता तपासत आहेत, आणि ते तपासलेच पाहिजे. त्या घरात बाप असावा हा आग्रह एका स्त्रीने धरला होता, हेही मग लक्षात राहील.

१९८८ च्या 'कमिंग टू अमेरिका' चित्रपटात एमोस मॅकडोनाल्डची नक्कल करणाऱ्या खानावळीचा मालक झाला. पोचारा ते मालकी हा प्रवास घडला, पण पडद्यावर. पडद्यामागे मालक दुसरेच राहिले. मात्र पुढे त्याने स्वतः लिहिलेले एकपात्री 'हॅलीज कॉमेट' अनेक वर्षे गावोगाव केले. तेथे शब्द त्याचे होते आणि त्याचा बाप कोणी मारू शकत नव्हते. मिळकत कमी असेल, पण ती त्याची होती.

मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले. तेव्हापासून मराठी पडद्यावर किती घरे आली, आणि त्यांतले आपले घर कोणते? २०१९ मध्ये बाबासाहेबांच्या जीवनावरील मालिका आली, ती घराघरांत पाहिली गेली. पण महामानवाचे चरित्र आले म्हणून वस्तीतल्या सफाई कामगाराचे, शिक्षिकेचे, बेकार बापाचे घर आले असे होत नाही. आपले तरुण आज लिहीत आहेत, अभिनय करीत आहेत, पुण्या-मुंबईच्या कार्यालयांतून संहिता घेऊन फिरत आहेत. त्यांना आपण टाळ्या देतो. करार वाचायला शिकवत नाही. लेखकाचे नाव कोठे येईल, हक्क कोणाकडे राहतील, पुन्हा दाखविल्यावर पैसे मिळतील काय, पात्र बदलताना कोणाला विचारले जाईल, हे प्रश्न साहित्याबाहेरचे नाहीत. आपल्या महाविद्यालयांतील वाङ्मय मंडळांनी यंदा एखादे व्याख्यान कमी ठेवावे आणि एक करारपत्र फळ्यावर लिहून त्याचे ओळीने वाचन करावे. एमोसला जी गोष्ट नोकरी गमावून कळली, ती आपल्या मुलांना सही करण्याआधी कळली पाहिजे.