सुधारणेच्या कथेतील शिक्षक

शाळा सुधारली पाहिजे याविषयी आपल्याकडे मतभेद नाहीत. ती कोणी सुधारावी याविषयी मात्र आहेत, आणि ते सहसा उघडपणे बोलले जात नाहीत. समित्यांच्या अहवालांत आणि योजनांच्या आराखड्यांत शिक्षक आढळतो तो बहुधा कर्मणी प्रयोगातच. त्याला प्रशिक्षण दिले जाते, त्याच्याकडून कार्यक्रम राबवून घेतला जातो, त्याचे मूल्यमापन केले जाते. कर्तरी प्रयोगातला शिक्षक पाहायचा तर ग्रंथांकडे वळावे लागते. म्हणून येथे आम्ही तीन पुस्तके एकमेकांशेजारी ठेवून वाचीत आहोत: गिजुभाई बधेका यांचे 'दिवास्वप्न', व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आणि सुशील जोशी यांचे 'जश्न-ए-तालीम'. पहिले मूळ गुजराती, दुसरे मराठी, तिसरे हिंदी. या तिन्ही भाषांच्या शेजारात वाढलेल्या इंदूरच्या मराठी वाचकाला यांतले एकही परके वाटू नये.

ज्या कृष्णपुऱ्यात आपली ही पत्रिका वाचली जाते, तेथील छत्र्यांत एक छत्री शिवाजीराव होळकरांची आहे. १८९१ साली होळकर कॉलेज त्यांच्या कारकिर्दीत स्थापन झाले, हे इंदुरात पुष्कळांना सांगता येईल. त्या कॉलेजच्या पहिल्या वर्गांना कोण शिकवीत होते, हे मात्र कोणी विचारीत नाही. यात शिवाजीरावांचा दोष नाही. आपली स्मरणाची रीतच अशी आहे, की संस्थापकाच्या वाट्याला छत्री येते आणि शिकविणाऱ्याच्या वाट्याला हजेरीपट. शिक्षणसुधारणेचा इतिहासही आपण याच रीतीने लिहीत आलो आहोत.

'दिवास्वप्न' या रीतीला पहिला छेद देते. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर चालविणाऱ्या गिजुभाईंनी या कथेत लक्ष्मीराम नावाच्या शिक्षकाला सरकारी प्राथमिक शाळेतील चौथीचा वर्ग एका वर्षासाठी दिला. गोष्टी, खेळ, स्वच्छता, वर्गाचे स्वतःचे वाचनालय आणि नाट्यप्रयोग यांच्या बळावर तो वर्ग पालटून टाकतो. पुस्तकातील उत्तम भाग पहिल्या दिवसाचा आहे. शांततेचा खेळ खेळविण्याचा लक्ष्मीरामचा बेत मुलांच्या गोंगाटात साफ फसतो. सुधारणेची कथा पराभवापासून सुरू करण्याचा हा प्रामाणिकपणा पुढील अनेक शैक्षणिक ग्रंथांना साधलेला नाही. काशिनाथ त्रिवेदी यांच्या हिंदी अनुवादामुळे हे पुस्तक आपल्याकडील शिक्षकांपर्यंत पोहोचले, आणि गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे कामाला आरंभ करून तो विचार महाराष्ट्रात रुजविला.

तरीही या पुस्तकाची एक मर्यादा नोंदविली पाहिजे. लक्ष्मीराम एकटा आहे. त्याचा प्रयोग शिक्षणाधिकाऱ्याच्या परवानगीवर उभा आहे, आणि शाळेतले इतर शिक्षक कथेत येतात ते मुख्यतः त्याच्या वेगळेपणाला उठाव देण्यासाठी. अभ्यासक्रम संपविण्याची आणि परीक्षेची त्यांची चिंता खरी आहे. परंतु लेखकाची सहानुभूती त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. एक शिक्षक बदलला, शाळा बदलली नाही. शीर्षकातच लेखकाने याची कबुली दिली आहे, असेही म्हणता येईल.

'बनगरवाडी'चा मास्तर सुधारक म्हणून वाडीत येतच नाही. औंध संस्थानातील धनगरांच्या त्या वस्तीत शाळा म्हणजे आधी मुले गोळा करणे, कारण मुलांच्या मागे मेंढरे आहेत. मास्तर पत्रे लिहून देतो, तंटे ऐकतो, वाडीकडून तालीम बांधवून घेतो. येथे शिक्षकाच्या कामाला भिंती नाहीत. वाडीचा विश्वास मिळविणे हेच त्याचे अध्यापन आहे, हे माडगूळकरांनी एकही सिद्धान्त न मांडता दाखविले. १९५५च्या या कादंबरीतून आजच्या शिक्षणशास्त्राला शिकण्यासारखे काही असेल तर ते हेच. पण दुष्काळ पडतो, वाडी जगायला बाहेर पडते, शाळा ओस होते. मास्तरच्या चांगुलपणाने मिळविलेले सारे मास्तरबरोबरच निघून जाते, कारण ते टिकवून धरणारे दुसरे कोणी नाही.

या दोन्ही कथांनी मराठी मनात एक आवडती प्रतिमा घट्ट केली: ध्येयवेडा, एकाकी गुरुजी. प्रतिमा सुंदर आहे, आणि आमच्या मते घातकही आहे. ती सर्वसाधारण शिक्षकापुढे दोनच मार्ग ठेवते, अपवाद व्हा किंवा अपराधी व्हा. आणि शासनाला ती फारच सोयीची पडते. कारण शाळा अपयशी ठरली की कारण तयारच असते, तेथे लक्ष्मीराम नव्हता.

या प्रतिमेला खरे उत्तर आपल्याच राज्यात, नर्मदाकाठी, दिले गेले. होशंगाबाद जिल्ह्यात (२०२२पासून नर्मदापुरम्) १९७२ साली किशोर भारती आणि रसूलिया येथील मित्र मंडल केंद्र या दोन संस्थांनी सोळा माध्यमिक शाळांत विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. १९७८ साली तो जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत गेला. पुढे १९८२ साली स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो सांभाळला. 'जश्न-ए-तालीम' हा त्याचाच वृत्तान्त. विज्ञान करून शिकावे, बाभळीच्या काट्याने फूल उलगडून पाहावे, परीक्षेला पुस्तक उघडे ठेवावे, या त्यातील गोष्टींची वाखाणणी पुष्कळ झाली आहे. आमचे लक्ष वेधले ते त्यातील शिक्षकाच्या स्थानाने. प्रशिक्षणात शिक्षक व्याख्याने ऐकीत नसत. मुलांनी जे प्रयोग करायचे ते आधी स्वतः करीत, चुकत, वाद घालीत. समोर नामांकित विद्यापीठांतले वैज्ञानिक असले तरी वाद थांबत नसे. मग दर महिन्याला आसपासच्या शाळांचे शिक्षक गोष्ठीसाठी एकत्र येत. कोणता धडा वर्गात अडला, कोणता प्रयोग फसला, हे तेथे सांगितले जाई, आणि त्या अनुभवांच्या आधारे 'बाल वैज्ञानिक' ही पाठ्यपुस्तके पुन्हा लिहिली जात. खेड्यातल्या सरकारी शिक्षकाच्या तक्रारीने छापील धडा बदलतो, ही घटना आपल्या शिक्षणव्यवस्थेत सामान्य नव्हे.

लक्ष्मीरामला जे मिळाले नाही आणि बनगरवाडीच्या मास्तरला ज्याची कल्पनाही नव्हती, ते येथे होते: सोबत. अपयश बोलून दाखविण्याची जागा शिक्षकाला मिळाली, की त्याला महापुरुष होण्याची गरज उरत नाही. सुशील जोशी स्वतः या कार्यक्रमाशी निगडित. त्यामुळे त्यांच्या लेखनात जिव्हाळा आहे आणि क्वचित तपशिलांची दाटीही आहे. परंतु कथेचे नायकपद कोणा एकाच्या हाती न देणारे हे पुस्तक सुधारणेच्या वाङ्मयात वेगळे ठरते.

त्या कथेचा शेवट मात्र आपण डोळे उघडे ठेवून वाचला पाहिजे. २००२ साली शासनाने कार्यक्रम बंद केला आणि इतरत्र चालणारी पुस्तके तेथेही लागू केली. पुढील इयत्तांत मुले मागे पडतात, ही तक्रार पुढे करण्यात आली होती. पालकांची गुणांची काळजी क्षुद्र मानण्याचे कारण नाही, आणि प्रत्येक शिक्षक या कामात मनापासून होता असेही कोणी म्हणणार नाही. परंतु तीस वर्षे ज्यांनी वर्गांत हे काम केले, त्यांच्या अनुभवाचे वजन एका आदेशाहून कमी ठरले. पाठ्यपुस्तक बदलण्याचा अधिकार शिक्षकांना व्यवहारात लाभला होता. तो नियमांत कोठेच लिहिलेला नव्हता.

याच काळात दुसरी एक गोष्ट घडत होती. मध्य प्रदेशात नियमित शिक्षकांच्या जागी अल्प वेतनावरचे शिक्षाकर्मी नेमले जाऊ लागले. १९९७च्या शिक्षण हमी योजनेत शिकविणाऱ्याला तुटपुंजे मानधन आणि 'गुरुजी' ही पदवी मिळाली. आदराचा शब्द स्वस्त मजुरीचे नाव कसा होतो, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. एकाकी गुरुजीच्या आपल्या आवडत्या कथेने या तडजोडीला थोडे तरी नैतिक बळ पुरविले नसेल काय? त्यागाची सवय लावलेल्या प्रतिमेकडून वेतन कोण मागणार!

२००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने करून शिकण्याचा आणि मुलाने स्वतः ज्ञान रचण्याचा विचार देशापुढे ठेवला, हे समाधानाचे आहे. पण विचार कागदावर उतरला म्हणून मासिक गोष्ठी आपोआप भरत नाही. शाळेच्या सुधारणेविषयी नवे पुस्तक वा नवे धोरण हाती आले, की आपण वाचकांनी दोन साधे प्रश्न विचारावेत. यातल्या शिक्षकाला बोलायला सोबती आहेत काय? आणि त्याच्या बोलण्याने धड्यातली एखादी ओळ बदलते काय? दोन्हींचे उत्तर नकारार्थी असेल, तर ते लेखन कितीही उदात्त असो, त्यातला शिक्षक अजून कर्मणी प्रयोगातच आहे असे समजावे.