दगडावरचा नकाशा: आधी की नंतर?

शिराळ्याच्या घरी आमच्या गटाचा मोजणीचा नकाशा आहे. घड्यांवर फाटलाय, पण बांध, ओढा सगळं प्रमाणात. अर्थात बांध आधीचे, नकाशा नंतरचा. रेमी क्रासार आणि सहकाऱ्यांचा २०२३ चा 'प्लॉस वन'मधला पेपर वाचताना तोच डोळ्यापुढं येत होता.

पेपर आहे वाळवंटातल्या 'डेझर्ट काइट'वर. हे शिकारीचे दगडी सापळे. विमानातून पतंगासारखे दिसले म्हणून वैमानिकांनी दिलेलं नाव. पर्सी मेटलँडनं १९२७ मध्ये 'अँटिक्विटी'त अशा दगडी बांधकामांवर लिहिलं. दोन लांबच लांब भिंती जवळ येत येत एका कुंपणात शिरतात, कुंपणाच्या कडेला खोल खड्डे. आपल्याकडं रानात हाका घालायचे ना, तेच. फक्त हाकाऱ्यांच्या रांगेचं निम्मं काम भिंतींनी करायचं. सावज मुख्यतः गझेल, म्हणजे आपल्या चिंकाऱ्याचे भाऊबंद.

जॉर्डनमध्ये जिबाल अल-खशाबियेहला साधारण ९,००० वर्षांपूर्वीचा, आणि सौदीत जेबेल अझ-झिल्लियातला साधारण ८,००० वर्षांपूर्वीचा, असे दोन कोरीव दगड मिळाले. दोन्हींवर सापळ्याचीच आकृती. लेखकांनी ती जमिनीवरच्या खऱ्या सापळ्यांशी संगणकावर ताडून पाहिली. प्रमाण निघालं जवळपास १:४२५ आणि १:१७५. हा भाग मला मनापासून आवडला. 'सारखं दिसतंय' यावर न थांबता त्यांनी मोजलंय.

अडचण पुढं आहे. बातम्यांत याचं थेट 'जगातलं सर्वांत जुनं ब्लूप्रिंट' झालं. लेखक तसे सावध आहेत. बांधकामाचा आराखडा, शिकारीची आखणी की एखादं प्रतीक, हा प्रश्न ते उघडा ठेवतात. पण शीर्षकात 'प्लॅन' शब्द आला की वाचणारा त्याचा एकच अर्थ घेणार. आकृती किती जुळते यावरून ती आधीची की नंतरची हे कळत नाही. आमच्या गटाचा नकाशाही बांधांशी जुळतोच की!

मला पाहायचं होतं ते वेगळंच. सापळ्याला मागाहून जोडलेली भिंत किंवा खड्डा आकृतीत आहे का? असेल, तर नकाशा नंतरचा. आणि जमिनीवर उभं राहून अख्खा सापळा नजरेत येत नसताना हे मोजलं कसं? आमच्याकडं मोजणीदार साखळी घेऊन बांधाबांधानं फिरला होता. खशाबियेहचा माणूस काय घेऊन फिरला, पावलं मोजत की दोरी धरून?