मोठ्या आकाराची छायाचित्रे आणि सुस्पष्टतेचा प्रश्न : एक समीक्षात्मक विचार

प्रास्ताविक

चित्रकलेच्या समीक्षेत कॅनव्हासचा आकार नोंदविण्याची प्रथा जुनी आहे. छायाचित्राच्या बाबतीत मात्र आपण हा संकेत सहसा पाळत नाही. पुस्तकातील हातभर अंतरावरून पाहिलेली सहा इंची प्रतिकृती आणि संग्रहालयाच्या भिंतीवरील साडेतीन मीटर रुंदीचे मूळ मुद्रित या दोहोंना आपण एकच कलाकृती मानतो व पहिलीवरून दुसरीचे मूल्यमापन करून मोकळे होतो. छायाचित्र म्हणजे केवळ प्रतिमा, आणि प्रतिमेला आकार नसतो, असा काहीसा समज यामागे असावा. दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्यांच्या जाहिरातींनी एक उलट समज रूढ केला आहे : पिक्सेल जितके अधिक तितके छायाचित्र श्रेष्ठ. पहिला समज तंत्राला कलाविचारातून वगळतो, दुसरा कलेला तंत्राच्या एका आकड्यात बसवितो. मोठ्या मुद्रितांची सुस्पष्टता नेमकी कशावर अवलंबून असते आणि तिचा छायाचित्राच्या अर्थाशी कोणता संबंध पोहोचतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी थोडे गणित अपरिहार्य आहे. ते शालेय पातळीचेच असल्याने कलाशाखेच्या वाचकांनी त्याला भिण्याचे कारण नाही.

फिल्मचा फॉर्मॅट आणि विवर्धन

३५ मिलिमीटर फिल्मची चौकट २४ × ३६ मिलिमीटरची असते; म्हणजे तिचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर होते. चार बाय पाच इंची शीट फिल्मचे क्षेत्रफळ याच्या सुमारे पंधरा पट, तर आठ बाय दहा इंची फिल्मचे सुमारे साठ पट भरते. आता एक मीटर रुंदीचे मुद्रित करावयाचे आहे असे समजू. ३५ मिमी निगेटिव्हचे त्यासाठी जवळजवळ २८ पट विवर्धन करावे लागेल. चार बाय पाचचे आठ पट, आणि आठ बाय दहाचे केवळ चार पट. निगेटिव्हवर एका मिलिमीटरमध्ये ५० रेषाजोड्या वेगवेगळ्या नोंदल्या गेल्या असतील, तर पहिल्या मुद्रितावर दर मिलिमीटरला दोनही रेषाजोड्या उरत नाहीत, दुसऱ्यावर सहा उरतात. निरोगी डोळ्याची विभेदनक्षमता साधारण एक कलामिनिट मानली जाते. २५ सेंटिमीटर अंतरावरून हा कोन सुमारे ०.०७ मिलिमीटर भरतो. म्हणजे डोळ्याला दर मिलिमीटरला सहा ते सात रेषाजोड्या पुरतात. दुसरे मुद्रित डोळ्याची मागणी जेमतेम पुरी करते, पहिले करीत नाही. विवर्धनाबरोबर भिंगाचे दोष, हाताचा कंप आणि फिल्मचे कणही तितक्याच पटीने मोठे होतात, हे वेगळे सांगावयास नको.

एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रकारांपुढे हा प्रश्न वेगळ्याच रूपात उभा होता. अल्ब्युमेन कागद इतका मंद असे की त्यावर मुद्रित करण्यास सूर्यप्रकाशच हवा. त्यामुळे विवर्धन व्यवहारात अवघड होते आणि काच कागदाला भिडवून कॉन्टॅक्ट प्रिंट काढणे हाच रूढ मार्ग होता. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा येथील हौशी मंडळींचीही स्थिती हीच होती. मोठे चित्र हवे तर काच मोठी हवी. कार्लटन वॉटकिन्स याने १८६१ मध्ये कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोऱ्यात १८ × २२ इंची काचा वापरल्या. ओल्या कलोडियनच्या या काचा जागच्या जागी तयार करून, ओल्या असतानाच उघडून, लगेच विकसित कराव्या लागत. तो सारा संसार खेचरांच्या पाठीवर लादून न्यावा लागे. या छायाचित्रांत कड्याच्या भेगा आणि दूरच्या देवदारांच्या फांद्या आजही मोजता येतात, कारण तेथे विवर्धन शून्य आहे. योसेमिटीला संरक्षण देणाऱ्या १८६४ च्या अमेरिकन कायद्यामागे या छायाचित्रांचाही वाटा होता असे मानले जाते. सुस्पष्टता ही तेथे पुराव्याची भाषा होती. ज्यांनी ते खोरे कधी पाहिले नव्हते, त्यांना ते पाहिल्यासारखे वाटावयास हवे होते.

‘एफ/६४’ या नावाचा अर्थ

सॅन फ्रान्सिस्को परिसरात १९३२ मध्ये ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आदींनी ‘ग्रुप एफ/६४’ स्थापन केला. धूसर, चित्रकलेचे अनुकरण करणाऱ्या छायाचित्रणाला त्यांचा विरोध होता. भिंगाचे छिद्र अत्यंत लहान केल्याने जवळचे आणि दूरचे सारेच स्पष्ट येते, म्हणून एफ/६४ हे त्यांचे ब्रीद, असे कलेतिहासाची पुस्तके सांगतात. हे खरे असले तरी अर्धेच आहे.

छिद्र जितके लहान तितके प्रकाशाचे विवर्तन अधिक होते, आणि विवर्तन प्रतिमेला बोथट करते. एफ/६४ ला, हिरव्या प्रकाशासाठी, विवर्तनाची मर्यादा दर मिलिमीटरला सुमारे २८ रेषाजोड्या इतकी येते. त्यापुढचा तपशील कितीही उत्तम भिंग घेतले तरी नोंदला जात नाही. वेस्टन आठ बाय दहाच्या निगेटिव्हवरून कॉन्टॅक्ट प्रिंट काढीत असे. तेथे डोळ्याची गरज सहा-सात रेषाजोड्यांचीच असल्याने २८ ही मर्यादा मुबलक ठरते. हेच छिद्र ३५ मिमी कॅमेऱ्यावर वापरता आले असते आणि त्यावरून एक मीटर रुंदीचे मुद्रित काढले असते, तर दर मिलिमीटरला एकच रेषाजोडी उरली असती, आणि ज्या धूसरतेविरुद्ध हे कलावंत उभे राहिले तीच मागील दाराने परत आली असती. लहान कॅमेऱ्यांची भिंगे बहुधा एफ/१६ किंवा एफ/२२ पाशीच थांबतात, ती यामुळेच. तात्पर्य, एफ/६४ हे ब्रीद आठ बाय दहाच्या काळ्या पेटीला चिकटलेले आहे. त्या पेटीपासून तोडून ‘वास्तवाचा स्वीकार’ असा त्याचा अमूर्त अर्थ लावणारी समीक्षा एका सौंदर्यतत्त्वाचे भौतिक मूळच पुसून टाकते.

पिक्सेलांची गणती

डिजिटल कॅमेऱ्याने या गणिताचे नियम बदलले नाहीत, एकक बदलले. जवळून पाहावयाच्या मुद्रितासाठी दर इंचाला ३०० पिक्सेल हा छपाईच्या व्यवसायातील रूढ निकष आहे. तो डोळ्याच्या वर सांगितलेल्या क्षमतेशी बऱ्यापैकी जुळतो. २००४ मधील निकॉन डी ७० या कॅमेऱ्याची प्रतिमा ३००८ × २००० पिक्सेलांची, म्हणजे साठ लाखांची होती. या निकषाने तिचे मुद्रित दहा इंच रुंद होते. २०१२ मधील निकॉन डी ८०० ची प्रतिमा ७३६० × ४९१२ पिक्सेलांची, म्हणजे साडेतीन कोटींहून अधिक. पिक्सेल सहा पट झाले, मुद्रिताची रुंदी मात्र अडीच पटीहूनही थोडी कमीच वाढली. रुंदी दुप्पट व्हावयाची तर पिक्सेल चौपट लागतात, हा साधा वर्गाचा नियम जाहिरातीत लिहिलेला नसतो. शिवाय बहुतेक संवेदकांवरील प्रत्येक पिक्सेल तांबडा, हिरवा वा निळा यांपैकी एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अनुमानाने भरले जातात. कोडॅकमधील ब्राइस बायर याच्या १९७६ च्या पेटंटपासून चालत आलेली ही व्यवस्था आहे. डी ८०० वर एफ/१६ छिद्र ठेवले तर विवर्तनाने पसरलेला प्रकाशबिंदू चार पिक्सेलांहून रुंद होतो. तेथे जादा पिक्सेल त्याच धूसरतेचे अधिक बारकाईने मोजमाप करतात, इतकेच.

एक भेद मात्र नोंदविला पाहिजे. फिल्म आणि डिजिटल प्रतिमा मर्यादेपाशी वेगवेगळ्या रीतीने ढासळतात. फिल्मचे कण अनियमित असतात. विवर्धन वाढले की पोत दिसू लागतो, आणि प्रतिमा विरघळत असतानाही डोळा तिला साहित्याचा गुण मानून स्वीकारतो. पिक्सेलांची जाळी नियमित असल्याने तिचे उघडे पडणे दोषासारखे भासते. हा भेद जितका भौतिक तितकाच सवयीचाही आहे.

अंतराचा हिशेब

आतापर्यंत प्रेक्षक एका जागी उभा आहे असे गृहीत धरले. तो तसा नसतो, आणि मोठ्या मुद्रिताचा खरा प्रश्न येथे सुरू होतो.

आपल्या गावांच्या चौकांतील वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स याचे सोपे उदाहरण आहे. वीस बाय दहा फुटांचा फलक पंधरा मीटरांवरून पाहिला, तर डोळ्याचे एक कलामिनिट फलकावर चार मिलिमीटरांहून अधिक भरते. म्हणजे रुंदीत सुमारे १४०० आणि उंचीत ७००, एकंदर दहा लाख पिक्सेल तेथे पुरतात. नेत्यांचे चेहरे साध्या फोनवरून काढलेले असूनही रस्त्यावरून रेखीव दिसतात, यात चमत्कार नाही. फलकाखाली जाऊन मान वर करणारा प्रेक्षक त्या छपाईने गृहीतच धरलेला नसतो.

आन्द्रेआस गुर्स्की या जर्मन छायाचित्रकाराचे ‘ऱ्हाइन २’ (१९९९) हे मुद्रित सुमारे साडेतीन मीटर रुंद आणि पावणेदोन मीटरांहून थोडे अधिक उंच आहे. नोव्हेंबर २०११ मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात त्याला सुमारे ४३ लाख डॉलर किंमत आली आणि २०२२ पर्यंत लिलावातील ते सर्वांत महाग छायाचित्र राहिले. चार मीटरांवरून त्याकडे पाहणाऱ्याला सुमारे पन्नास लाख पिक्सेल पुरेसे आहेत, म्हणजे २००४ मधील एका सामान्य कॅमेऱ्याचे काम. परंतु तोच प्रेक्षक अर्ध्या मीटरवर गेला तर अंतर एक-अष्टमांश होते आणि गरज चौसष्ट पट, म्हणजे सुमारे बत्तीस कोटी पिक्सेलांची होते. मोठा फॉर्मॅट लागतो तो मुद्रित मोठे आहे म्हणून नव्हे. प्रेक्षकाला जवळ येण्याची मुभा द्यावयाची आहे म्हणून तो लागतो. (पहारेकरी ही मुभा देईल की नाही, हा निराळा प्रश्न.)

मायकेल फ्रीड या अमेरिकन समीक्षकाने २००८ मधील आपल्या ग्रंथात अशा छायाचित्रांचा विचार भिंतीवर टांगण्यासाठी घडविलेली चित्रे म्हणून केला. प्रेक्षकाला समोर उभे करणारे चित्र हा त्याच्या विवेचनाचा गाभा आहे. तो महत्त्वाचा असला तरी समोर उभे राहण्याइतकेच पुढे-मागे सरकणेही या अनुभवात मोडते, आणि मला ते अधिक निर्णायक वाटते. दुरून ‘ऱ्हाइन २’ म्हणजे हिरव्या आणि करड्या आडव्या पट्ट्यांची जवळजवळ अमूर्त रचना असते. जवळ जावे तसतसे गवताचे पाते पात्यापासून सुटू लागते, पाण्यावरील लाट न् लाट वेगळी होते. तपशिलाची ही विपुलता डोळ्याला सांगते : हे असेच होते. आणि ते तसे नव्हते. पैलतीरावरील वीजकेंद्राची इमारत व वाटेवरून जाणारी माणसे गुर्स्कीने संगणकाच्या साह्याने काढून टाकली होती.

ही गोष्ट त्याने लपविली नाही. त्यामुळे फसवणुकीचा आरोप येथे करावयाचा नाही. आक्षेप वेगळा आहे. वॉटकिन्सच्या काचेत प्रत्येक तपशील प्रत्यक्ष उपस्थितीची साक्ष देत होता. गुर्स्कीच्या मुद्रितात गवताचे प्रत्येक पाते खरे आहे, आणि ही खरी पातीच त्या रिकाम्या तीराला विश्वासार्हता मिळवून देतात. सुस्पष्टता येथे साक्षीदार राहत नाही. ती जामीनदार होते. एका औद्योगिक नदीला निर्जन, कालातीत निसर्गरूप देण्याचा हा निर्णय कलावंताचा हक्क म्हणून मान्य करता येईल. पण त्या निर्णयाचे वजन फॉर्मॅटने पेलले आहे, हे न सांगता केवळ ‘शांत’, ‘ध्यानमग्न’ अशी विशेषणे योजणारी समीक्षा चित्राच्या बाजूने फार लवकर निकाल देते. पुस्तकातील प्रतिकृतीत तर ही जामीनकी दिसतच नाही, कारण तेथे गवताची पाती एकमेकांत मिसळून केवळ हिरवा रंग उरलेला असतो.

गुर्स्कीचा ड्युसेलडोर्फ येथील सहाध्यायी टोमास रुफ याची वाट या दृष्टीने बोलकी आहे. दोघेही बेर्न्ड व हिला बेखर या दांपत्याचे शिष्य. रुफने १९८० च्या दशकात पारपत्रावरील छायाचित्रांसारखे निर्विकार चेहरे दोन मीटर उंचीपर्यंत नेले. त्वचेचे छिद्र न् छिद्र दिसावे आणि माणूस मात्र हाती लागू नये, असा तो प्रयोग होता. पुढे २००४ पासून ‘जेपेग्ज’ या मालिकेत त्याने इंटरनेटवरील क्षुद्र आकाराच्या प्रतिमा, त्यांत जळत्या जागतिक व्यापार केंद्राच्याही, दोन मीटरांहून मोठ्या केल्या. जेपेग पद्धतीत प्रतिमा आठ बाय आठ पिक्सेलांच्या चौकटींत विभागून संक्षेपित केली जाते. एरवी न दिसणाऱ्या या चौकटी रुफच्या मुद्रितांत भिंतीवरील फरशांसारख्या उघड्या पडतात. येथे हालचालीचा क्रम उलटा आहे. दुरून धुराचे लोट, इमारती, आकाश सारे ओळखू येते. जवळ जावे तो काहीच उरत नाही, नुसते रंगीत चौकोन. ज्या घटना आपण ‘पाहिल्या’ असे म्हणतो, त्यांतील किती माहिती आपल्यापर्यंत खरोखर पोहोचली होती, याचे हे शब्दशः मोजमाप आहे.

या दोघांच्या मध्ये आन्री कार्तिए-ब्रेसाँचे १९३२ चे साँ-लाझार स्थानकामागील छायाचित्र ठेवून पाहावे. ३५ मिमी फिल्म, तीतही कडेचा भाग कापलेला. म्हणजे विवर्धन अधिकच. डबक्यावरून उडी घेणारा माणूस हललेला, धूसर आहे. एफ/६४ चे कलावंत एकत्र आले त्याच वर्षीचे हे चित्र, आणि त्यांच्या कोणत्याही कसोटीवर ते नापास व्हावे. आठ बाय दहाची पेटी तिपाईवर चढविण्यास जो वेळ लागतो, तेवढ्यात ती उडी संपून पाणी पुन्हा स्थिर झाले असते. हे चित्र दोन मीटर रुंद करून टांगले तर ते अधिक भव्य होईल की केवळ अधिक धूसर, याचे उत्तर देण्यापूर्वी आपण ते किती अंतरावरून पाहणार आहोत हे ठरवावे लागेल. मला विचारल्यास ते हातात धरण्याच्या आकाराचेच असावे. त्या माणसाची टाच पाण्याला अजून टेकलेली नाही, हे त्या आकारातही पुरेसे दिसते.