शून्याची जागा

चांदूर बाजार तालुक्यात संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड लागली, की प्रत्येक सौद्यात एक प्रश्न ठरलेला असतो: कोणत्या बागेतून किती कॅरेट निघाली? हा हिशेब मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ऑटोमेटवर बसवायचा म्हटला, तर कोडची एकही ओळ लिहावी लागत नाही. पाच-सहा चौकटी एकीखाली एक जोडून ‘फ्लो’ तयार केला की काम होतं. बाग बदलली की मोजणी शून्यावर आणते, ती यातली एक चौकट. एवढ्याशा रचनेतलं खरं सौंदर्य मला तिच्यातच दिसतं.

रचना अशी. अगदी वर ‘इनिशिअलाइझ व्हेरिएबल’: नाव ‘क्रमांक’, प्रकार पूर्णांक, किंमत ०. खाली बागांचा लूप, त्याच्या पोटात कॅरेटांचा लूप. आतल्या लूपमध्ये क्रमांक एकने वाढतो आणि कॅरेटवर त्याची चिठ्ठी लागते. पहिल्या बागेत ४० कॅरेट. १ ते ४० चिठ्ठ्या बिनचूक. दुसऱ्या बागेचं पहिलं कॅरेट मात्र ४१ म्हणून येतं. त्या बागेत २५च कॅरेट असली, तरी शेवटची चिठ्ठी ६५ सांगते. गंमत अशी, की चूक झाल्याचा निरोप कुठेच येत नाही. सगळ्या चौकटींवर हिरवी खूण असते. एकाच बागेची माहिती देऊन चाचणी घेतली, तर हा दोष दिसणंच शक्य नाही. त्याला उघडं पाडायला किमान दोन बागा लागतात.

दोष कळला की पहिला विचार येतो, सुरुवातीची चौकटच उचलून बागांच्या लूपमध्ये टाकावी. पॉवर ऑटोमेट ते करू देत नाही. व्हेरिएबलची घोषणा फ्लोच्या सर्वांत वरच्या पातळीवरच करावी लागते, लूपच्या आत नाही. हा नियम आधी आडमुठा वाटतो. थोडं थांबलं की त्याची खोली कळते. व्हेरिएबल अस्तित्वात येणं ही एक गोष्ट, त्याने नव्याने मोजायला लागणं ही दुसरी. पहिली एकदाच घडते, दुसरी बागेगणिक. दुसरीसाठी ‘सेट व्हेरिएबल’ ही वेगळी चौकट आहे. तोडीवरचा मुकादम वही एकच वापरतो, पण नव्या बागेला नवं पान काढतो. त्याला हे सांगावं लागत नाही. यंत्राला सांगावं लागतं.

आता ही चौकट ठेवायची कुठे? कॅरेटांच्या लूपमध्ये ठेवली, तर प्रत्येक कॅरेट १ नंबरचं होतं. कॅरेटांच्या लूपनंतर ठेवली, तर एरवी चालून जातं. पण आतला लूप मध्येच अडला तर पुढची चौकट वगळली जाते आणि एका बागेचा अर्धवट आकडा दुसरीच्या माथी बसतो. म्हणून तिची हक्काची जागा एकच: बागांच्या लूपमधली पहिली चौकट. आधीच्या फेरीत काय झालं, यावर विसंबायचंच नाही. याच कारणाने बागांच्या लूपमधली समांतर फेऱ्यांची सोय बंदच असू द्यावी. मुळात ती बंदच असते. चालू केली तर एका वेळी ५० फेऱ्यांपर्यंत धावता येतं, पण व्हेरिएबल सगळ्यांत मिळून एकच. मग एक बाग दुसरीची मोजणी पुसते.

शून्यच का, एक का नाही? डच संगणकशास्त्रज्ञ एड्स्खर डाइकस्ट्रा यांनी ११ ऑगस्ट १९८२ च्या आपल्या हस्तलिखित टिपणात शून्यापासून क्रमांक देण्याची बाजू मांडली. त्यांचा एक मुद्दा फार देखणा आहे: शून्यापासून क्रमांक दिले, की प्रत्येकाचा क्रमांक म्हणजेच त्याच्या आधी आलेल्यांची संख्या. आपल्या फ्लोमध्येही कॅरेट समोर येतं तेव्हा, वाढवण्याआधी, व्हेरिएबल नेमकं हेच सांगत असतं: या बागेतली आधी किती मोजून झाली. मग वाढ होते आणि चिठ्ठीवर माणसाच्या सवयीचा १ उमटतो. या दोन चौकटींची अदलाबदल केली, तर पहिल्याच कॅरेटला ० क्रमांक लागेल. म्हणजे सुरुवातीची किंमत आणि चौकटींचा क्रम यांचा अर्थ एकमेकांच्या आधारानेच लागतो.

पारखायचं असेल, तर झालेल्या फेऱ्यांचा इतिहास उघडावा, दुसऱ्या बागेच्या पहिल्या कॅरेटवर जावं आणि वाढीनंतरची किंमत वाचावी. तिथे १ हवा. चाचणीच्या माहितीत एक रिकामी बागही मुद्दाम घालावी, जिची तोड ठरली पण झाली नाही. तिथे कॅरेटांचा लूप एकदाही फिरत नाही, आणि बागेच्या एकूण कॅरेटांच्या अहवालात ० येतो. आधीच्या बागेचा २५ नव्हे, नसलेल्या कॅरेटाचा १ही नव्हे. सुरुवातीचं शून्य ही नुसती भरायची म्हणून भरलेली किंमत नाही. एकही कॅरेट येण्याआधी त्या बागेबद्दल करता येण्यासारखं तेच एक खरं विधान आहे, आणि शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीचा खरेपणा तिथूनच सुरू होतो.